वहीत नफा, गल्ल्यात खडखडाट: लहान धंदा सुरू करणाऱ्यांसाठी

माझ्या धंद्यातला सगळ्यात वाईट शनिवार आला तो सगळ्यात मोठी ऑर्डर पोचवल्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी. दोन शिलाई मशीन, कापणीचं एक लांब टेबल, शिवणाऱ्या दोघी, वरकामाला एक मुलगा आणि मी, एवढाच आमचा पसारा. कारागिरांना हत्यारं ठेवायला लागतात तसल्या जाड कॅनव्हासच्या पिशव्या आम्ही शिवतो. त्या महिन्यात 600 पिशव्या एकाच गिऱ्हाइकाकडे गेल्या होत्या. एकही परत आली नव्हती. वर त्याच गिऱ्हाइकाने आणखी 300 सांगितल्या होत्या. वहीत नफा दिसत होता, आणि गल्ल्यात शनिवारचा पगार भागेल एवढेही पैसे नव्हते.

लाज वाटायचं कारण आणखी एक होतं. स्वतःचं काही सुरू करण्याआधी चौदा वर्षं मी लोकांच्या वह्या लिहिल्या. दुसऱ्याच्या वहीत असली भानगड मी पान उलटता उलटता पकडली असती. स्वतःच्या वहीत ती दिसली नाही, कारण तिथे मला फक्त 600 हा आकडा दिसत होता.

तर आधी तो हिशोब मांडते. आकडे गोल करून घेतलेत. चलन आपापलं धरा, प्रमाण बघा.

एक पिशवी 100 ला विकायची. तिला कापड, चेन, पट्टा, धागा मिळून 38, शिलाई 22, बांधणी आणि पोचवणं 5. म्हणजे नगामागे 65 खर्च, 35 हातात. याशिवाय पिशवी शिवा नाहीतर नका शिवू, दर महिन्याला 10,500 जायचेच: जागेचं भाडं, वीज, वरकामाच्या मुलाचा पगार, फोन आणि माझा स्वतःचा पगार. 600 पिशव्यांवर 21,000 उरले, त्यातून 10,500 गेले, तरी निव्वळ 10,500 नफा. पहिल्या वर्षात याहून चांगला महिना कोणाला हवा?

आता हेच तारखांनी बघा. पहिल्या दिवशी हातात 65,000. महिनाभरात कापडाचे 22,800 गेले, शिलाईचे 13,200, बांधणी-वाहतुकीचे 3,000, महिन्याचे ठरलेले 10,500. एकूण 49,500. तिसाव्या दिवशी माल पोचला तेव्हा हातात 15,500 उरले होते. गिऱ्हाइकाची अट होती माल मिळाल्यापासून 60 दिवसांनी पैसे, म्हणजे नव्वदावा दिवस. मी खुशीत पुढच्या 300 पिशव्यांचं कापड घेतलं, 11,400 ला, रोखीने. उरले 4,100. त्या आठवड्याच्या शिलाईचे 3,080 दिले. उरले 1,020. चव्वेचाळिसावा दिवस शनिवार होता.

येणं 60,000, टेबलावर अर्धवट शिवलेला माल, आणि डब्यात 1,020.

त्या दिवशी मी दोघींना समोर बसवून वही उघडून दाखवली. वयाने मोठ्या होत्या त्या मावशी म्हणाल्या, "मला आकड्यातलं कळत नाही, पण बुधवारपर्यंत थांबते. त्यापुढे नाही." मग गिऱ्हाइकाला फोन केला आणि सांगितलं, अर्धे पैसे आत्ता द्या, त्यावर 3 टक्के सोडते. 30,000 चे 29,100 अठ्ठेचाळिसाव्या दिवशी आले. 900 सोडले, फार वाटत नाहीत. पण 42 दिवस आधी पैसे मिळावेत म्हणून 3 टक्के म्हणजे वर्षाच्या हिशोबाने 26-27 टक्के व्याज झालं. कोणी सरळ या दराने कर्ज देऊ केलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

धंदा सुरू करताना लोक विचारतात, "भांडवल किती लागेल?" आणि उत्तरात मशीन, फर्निचर, रंगरंगोटी आणि पाटी यांची बेरीज करतात. खरा प्रश्न त्याच्या पुढचा असतो. कापडासाठी पैसा बाहेर गेला त्या दिवसापासून तो गिऱ्हाइकाकडून परत येईपर्यंत किती दिवस? माझ्याकडे ते 90 होते. तेवढे दिवस माझा पैसा कधी कापडाच्या तागात, कधी अर्धवट पिशवीत, कधी दुसऱ्याच्या खात्यात अडकलेला. खेळतं भांडवल म्हणतात ते हे. आणि यातली दुष्ट गंमत अशी की विक्री दुप्पट झाली की अडकणारा पैसाही दुप्पट होतो. धंदा वाढतोय म्हणून पैसा सुटा होत नाही, उलट जास्त अडकतो. कापडवाल्याने 30 दिवसांची उधारी दिली असती तर 90 चे 60 झाले असते. पण नव्या माणसाला कापडवाला उधार देत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आधी विका, मग शिवा

आता थोडं मागे जाते. पिशव्या शिवायच्या हे ठरलं कसं?

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं. ओळखीच्या चाळीस जणांना विचारलं, अशी अशी पिशवी केली तर घ्याल का? तेहेतीस जण हो म्हणाले. पिशव्या तयार झाल्यावर त्यातल्या तिघांनी घेतल्या, त्यातली एक माझ्या बहिणीने. लोक खोटं बोलले असं नाही. समोर उत्साहाने विचारणारं माणूस असलं की हो म्हणणं फुकट असतं. "घ्याल का?" या प्रश्नाला काही किंमत नाही. "आत्ता काय वापरता? ते शेवटचं कधी फाटलं? तेव्हा काय केलंत?" हे विचारा, कारण याची उत्तरं घडून गेलेली असतात. आणि हो म्हणणाऱ्याला लगेच पुढचं विचारा: "थोडा बयाणा ठेवता?" चेहरा बघा.

माझी पहिली पिशवी दिसायला देखणी होती. वर चेन, बाहेर चार खिसे. एका वायरमनला वापरायला दिली आणि दोन दिवस त्याच्या मागे मागे फिरले. तो माळ्यावर गुडघे टेकून, मान वाकडी करून काम करत होता. डोळे तारेवर, एक हात तारेवर, दुसरा हात मागे पिशवीत. त्याला आत बघायची सोयच नव्हती. माझी पिशवी दर वेळी मिटून बसायची, चेनचे दात मनगटाला घासायचे, आणि छोटे स्क्रू तळाच्या कोपऱ्यात शिलाईच्या घडीत जाऊन लपायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने माझ्या देखत सगळी हत्यारं काढून परत त्याच्या जुन्या रंगाच्या रिकाम्या बादलीत टाकली. "ताई, पिशवी छान आहे हो," म्हणाला. "पण बादली उघडी राहते."

त्या एका वाक्यावर माझा धंदा उभा आहे. चेन काढली. तोंडाच्या कडेत जाड प्लास्टिकची पट्टी घालून शिवली, म्हणजे पिशवी उघडीच राहते. तळाच्या शिलाया आतून पट्टीने बंद केल्या. बाहेरचे खिसे आत गेले, आणि प्रत्येकाची उंची वेगळी, म्हणजे न बघता बोटांना कळतं कुठला कोणता. चेन पुढे फक्त एका लहान आतल्या कप्प्याला राहिली. असे 12 नग शिवले, ते कोणाला फुकट दिले नाहीत, आणि 12 संपल्यावर जे परत विचारायला आले त्यांच्याकडून बयाणा घेऊन पुढचे 30 शिवले.

फुकट का नाही? फुकट मिळालेल्या वस्तूला कोणी नावं ठेवत नाही. पैसे मोजलेला माणूस तिसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येतो, आणि तुम्हाला हवी असते ती तक्रारच.

तुमचा धंदा पिशव्यांचा नसेल. शिकवणी असेल, दुरुस्ती असेल, दुसऱ्यांची कामं करून देण्याचा असेल. तरी हेच. गिऱ्हाईक तुमच्या आधी ज्या बादलीत भागवतंय ती बादली शोधा. तुमची टक्कर दुसऱ्या दुकानाशी नंतर, आधी त्या बादलीशी.

मशीन घेण्याची घाई

पहिले 42 नग मी दुसऱ्याच्या मशीनवर शिवून घेतले, तासाच्या भाड्याने, त्यांचं काम संपल्यावर संध्याकाळी. याचा फायदा पैशापुरता नव्हता. घरगुती मशीन कॅनव्हासचे चार थर एकत्र आले की अडखळतं, सुई वाकते, टाका सुटतो, हे तिथेच कळलं. वरचा पायही कापड पुढे ओढतो असं, ज्याला वॉकिंग फूट म्हणतात ते मशीन लागतं, सुई 110/18 नंबरची, म्हणजे जाड लागते, धागा बाँडेड नायलॉनचा, म्हणजे पीळ सहज न सुटणारा लागतो. आधीच मशीन घेतलं असतं तर चुकीचं घेतलं असतं.

नंतर घेतलं ते जुनं. जुनं मशीन घेताना स्वतःचं कापड बरोबर न्या, दुकानदार देतो त्या मऊ चिंधीवर कुठलंही मशीन सुंदर शिवतं. मोटर मात्र मी नवी सर्व्हो बसवली. जुनी क्लच मोटर बटण चालू असेपर्यंत फिरत राहते, तुम्ही शिवा अगर चहा प्या. सर्व्हो पायडल दाबल्यावरच फिरते. विजेच्या बिलात फरक पडतोच, पण मला जास्त आवडलं ते हे की खोली शांत झाली आणि दोघींचं डोकं दुखायचं थांबलं.

हप्त्याने घ्यावं का? शिलाई मशीन आणि हप्ता यांचं नातं जुनं आहे. 1850 च्या दशकात अमेरिकेत सिंगर कंपनीतले भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी मशीन हप्त्याने द्यायची पद्धत सुरू केली, कारण एकरकमी किंमत साध्या घराला झेपत नव्हती. मशीन वापरता वापरता पैसे फेडा, ही कल्पना तेव्हाही बरोबर होती, आजही आहे. पण हप्ता सुई चालली की नाही हे विचारत नाही. माझा नियम असा: ज्या यंत्राला आजच, हातात असलेल्या ऑर्डरीत, महिन्यातले निम्मे दिवस काम आहे तेच हप्त्याने घ्यायचं. "आणलं की काम येईल" म्हणून आणलेलं यंत्र मी बऱ्याच लोकांकडे कपडे वाळत घालायला वापरलेलं पाहिलंय.

किंमत

इथे जरा बसून वाचा, कारण लहान धंद्यात सर्वांत जास्त पैसे इथेच सांडतात, आणि सांडताना आवाज होत नाही.

एक पिशवी शिवायला किती वेळ लागतो असं मला विचारलं असतं तर मी 25 मिनिटं म्हटलं असतं. एके दिवशी घड्याळ लावून बसले. 41 निघाली. शिलाई 25 मिनिटांचीच होती. उरलेली 16 बॉबिन भरणं, धागे कापणं, कडा उलटून घेणं, पट्टा शोधणं आणि हातातली पिशवी खाली ठेवून दुसरी उचलणं यात गेली. मी किंमत 25 वर काढली होती. म्हणजे प्रत्येक नगामागे 16 मिनिटं मी गिऱ्हाइकाला भेट देत होते, आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

वेळ मोजताना दोन चुका होतात. पहिल्या पाच नगांचा वेळ धरला तर किंमत भलतीच चढते, कारण हात बसलेला नसतो. 1936 मध्ये टी. पी. राईट या अभियंत्याने विमानांच्या कारखान्यातले आकडे मांडून दाखवलं होतं की एकूण बनवलेल्या विमानांची संख्या दर वेळी दुप्पट झाली की एका विमानामागची मेहनत साधारण 20 टक्क्यांनी उतरते. आमच्याकडे प्रमाण वेगळं असेल, पण कल तोच. दुसरी चूक उलटी: सर्वांत चांगल्या दिवसाचा वेळ धरायचा. लाईट गेली नाही, सुई तुटली नाही, कोणी आजारी पडलं नाही, असा दिवस महिन्यातून दोनदा येतो. मी पन्नासाव्या नगानंतर एक अख्खा आठवडा मोजला आणि त्याला नगांनी भागलं. रटाळ काम आहे. करा.

कापडाचंही तसंच. फर्म्यावरून जेवढं लागतं तेवढंच कापड मी धरत होते. कापल्यावर कडेला उरतात त्या पट्ट्या, ताग्याच्या टोकाला येणारा डाग, धुतल्यावर आटणारं कॅनव्हास, यांचे पैसे कोणी द्यायचे? आता तागा पूर्ण संपल्यावर त्यातून निघालेल्या पिशव्या मोजते आणि ताग्याची किंमत तेवढ्यांत वाटते. वाया गेलेलं आपोआप आत येतं.

आणि स्वतःचा पगार. 10,500 मध्ये माझा पगार आहे असं वर लिहिलं, तो सुरुवातीला नव्हता. "धंदा माझाच आहे, उरेल ते माझं" असं मी म्हणायचे. मग उरायचं नाही, आणि घरखर्चासाठी डब्यातून उचलायचे, आणि महिन्याअखेरी डबा का हलका हे कळायचं नाही. स्वतःला ठरलेला पगार द्या, लहान असला तरी चालेल, आणि ठरलेल्या तारखेलाच घ्या. तुमच्या जागी उद्या माणूस ठेवायची वेळ आली तर किंमत पुरेल का, हेही त्यातून कळतं.

खर्चावर चढवलेले टक्के आणि विक्रीतले टक्के यांची गल्लत शिकलेले लोकही करतात. 80 च्या वस्तूवर 25 टक्के चढवले की 100 होतात. पण 100 मधले 20 सुटतात, म्हणजे विक्रीवर नफा 20 टक्के. मग कोणी 25 टक्के सूट मागतं आणि आपण मनात म्हणतो, चला, ना नफा ना तोटा. नाही. ती वस्तू 75 ला गेली, 5 खिशातून गेले.

आता सगळ्यात उपयोगी भागाकार. महिन्याचा ठरलेला खर्च भागिले नगामागे सुटणारे पैसे. 10,500 भागिले 35, म्हणजे 300. महिन्याच्या पहिल्या 300 पिशव्या जागेच्या, विजेच्या, पगारांच्या. 301 वी धंद्याची. हा आकडा मी भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय. तो जर तुमच्या हातून निघू शकणाऱ्या कामाच्या निम्म्याहून बराच वर असेल तर सुरू करण्याआधी किंमत किंवा खर्च बदला. जागा बदलून, गिऱ्हाईक बदलून, कसंही.

आणि सूट देण्याआधी हा भागाकार पुन्हा करा. पिशवीमागे 10 सोडले तर 35 चे 25 राहतात, आणि 300 चा आकडा 420 होतो. दहा टक्के सूट, पण काम चाळीस टक्के जास्त. "फक्त दहा टक्के तर कमी करा" म्हणणारा चांगला माणूस असतो, त्याला हे माहीत नसतं. मी आता किंमत कमी करत नाही, वस्तू कमी करते: आतला चेनचा कप्पा नको असेल तर त्याचे पैसे वजा. बहुतेक जण कप्पा ठेवतात.

वही

वही लिहिणं कंटाळवाणं आहे असं जो म्हणतो त्याच्याशी मी वाद घालत नाही, मला ते कधीच वाटलं नाही. 1494 मध्ये व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या गणिती साधूने दुहेरी नोंदीची पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे असा दोन जागी लिहिण्याची पद्धत, छापून प्रसिद्ध केली, आणि ती त्याने शोधली नव्हती. तिथले व्यापारी आधीपासून तसंच लिहीत होते. लिहिलं नाही तर बुडतो हे त्यांना पाचशे वर्षांपूर्वी कळलं होतं, एवढंच.

लहान धंद्याला सुरुवातीला दोन वह्या पुरतात. एक रोजमेळ: आज किती आले, किती गेले, डब्यात मोजून किती आहेत. संध्याकाळी दहा मिनिटं. वहीतला आकडा आणि डबा जुळला नाही तर उठायचं नाही, कारण आजचा फरक आज सापडतो, महिन्याने सापडत नाही.

दुसरी वही ही त्या शनिवारनंतर सुरू झाली. एका पानावर पुढच्या 13 आठवड्यांचे 13 रकाने. प्रत्येक रकान्यात वर सुरुवातीची रोकड, मग त्या आठवड्यात खरोखर हातात येणारे पैसे, मग खरोखर जाणारे, खाली उरणारी रोकड, आणि तोच आकडा पुढच्या रकान्याच्या डोक्यावर. विक्री झाली त्या आठवड्यात पैसे लिहायचे नाहीत, ते येतील त्या आठवड्यात लिहायचे. आणि गिऱ्हाईक "साठ दिवस" म्हणालं असेल तर सत्तरचा आठवडा धरायचा. माझ्या त्या 60,000 पैकी उरलेले 30,000 नव्वदाव्या नाही, सत्त्याण्णवाव्या दिवशी आले. भांडण नव्हतं, सही करणारा माणूस सुट्टीवर होता. दर सोमवारी मागचा रकाना खोडायचा, पुढे एक जोडायचा. सातव्या रकान्यात उणे दिसलं तर तुमच्याकडे सहा आठवडे आहेत. माझ्याकडे त्या वेळी एक दुपार होती.

धंद्याचं खातं आणि घरचं खातं वेगळं ठेवा. कराचा पैसा वेगळ्या खात्यात टाका, तो आपला नसतोच, आपल्याकडून फक्त जातो. परवाने आणि नोंदणीचे नियम जागेप्रमाणे आणि धंद्याप्रमाणे बदलतात, ते संबंधित कार्यालयातच विचारा, माझ्यासारखीला नाही. आणि नातेवाइकांचे पैसे घेतलेत तर एक कागद करा: कर्ज आहे की भागीदारी, परत कधी, बुडालं तर काय. माझ्या भावाला कागद मागितल्यावर राग आला होता. आठ दिवस टिकला.

बयाणा कापडाएवढा

उधारीचं मी आता असं करते. नव्या गिऱ्हाइकाकडून 40 टक्के आगाऊ. हा आकडा हवेतून आलेला नाही: माल 38 चा, म्हणून 40. कापड त्याच्या पैशाने येतं, माझ्या पैशाने फक्त शिलाई होते. त्याने मधेच हात वर केले तरी ताग्यापुरती मी बुडत नाही. तुमच्या कामात सामान नसेल, फक्त वेळ असेल, तरी पहिल्या आठवड्याचा वेळ आगाऊ घ्या.

मागायची लाज वाटते, मान्य. मला शब्द सापडायला दोन महिने लागले. आता म्हणते, "चाळीस टक्के जमा झाले की कापड आणते, त्यानंतर एकवीस दिवसांत माल." यात अविश्वास नाही, कामाचा क्रम आहे. जो यावर फार कुरकुर करतो तो शेवटच्या साठ टक्क्यांना काय करेल याचा अंदाज तिथेच येतो.

ऑर्डर किती लहान असली तरी लिहून घ्या: नग, रंग, तारीख, पैसे कधी. एका गिऱ्हाइकाने "गडद" म्हटलं होतं, मी निळ्या शिवल्या, त्याच्या मनात काळ्या होत्या. 25 पिशव्या. त्या नंतर गेल्या, पण चार महिने कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होत्या.

वसुलीचा फोन मी तारखेच्या पाच दिवस आधी करते. आधी केला की चौकशी वाटते, नंतर केला की तगादा. "बिल मिळालं ना, काही अडचण नाही ना?" एवढंच. उशिराची निम्मी कारणं बिलात असतात, नंबर चुकलेला, सही राहिलेली.

आणि एकाच गिऱ्हाइकाकडून महिन्याच्या विक्रीचा तिसरा हिस्सा यापेक्षा जास्त येऊ देत नाही. त्या 600 च्या महिन्यात हा हिस्सा शंभर टक्के होता. त्या काळात मी माझा धंदा करत नव्हते, त्याची नोकरी करत होते, आणि पगार 60 दिवसांनी.

माणसं ठेवण्याबद्दल एकच सांगते. पहिलं माणूस आपल्याला ज्या कामाचा कंटाळा आहे त्यासाठी ठेवायची इच्छा होते. मला झाडणं-आवरणं नको होतं. पण काम अडत होतं कापणीपाशी: कापून झालं नाही म्हणून शिवणाऱ्या दोघी सकाळी तासभर बसून असायच्या, आणि कापत होते मी, फोन घेता घेता. वरकामाच्या मुलाला कापणी शिकवली तेव्हा मशीन न वाढवता काम वाढलं. काम कुठे अडतं ते बघायला एक दिवस हातात काही न घेता कोपऱ्यात स्टूलावर बसा. सगळे तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील. बसा.

अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या नोंदींत वर्षानुवर्षं साधारण असं दिसतं की नव्या धंद्यांपैकी पाचवा हिस्सा पहिल्या वर्षात बंद होतो आणि पाच वर्षांत जवळपास निम्मे. यातले सगळे बुडालेले नसतात, काही शहाणपणाने थांबलेले असतात. पण थांबायचं कुठे हे पाण्यात उतरल्यावर ठरवता येत नाही. म्हणून सुरू करण्याआधी, डोकं थंड असताना, आकडा लिहून ठेवा: किती पैसा गेला की थांबायचं, किंवा किती महिने 300 चा आकडा गाठला नाही की थांबायचं. आणि हे घरातल्या एकाला तरी वाचायला द्या.

माझ्या तेरा रकान्यांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर आत दोन ओळी आहेत. पहिली: रोकड 15,000 च्या खाली दिसली की नवं कापड नाही, आधी वसुली. दुसरी ओळ थांबण्याची आहे, तिच्यातला आकडा मी आणि माझी बहीण दोघींनाच माहीत आहे. पहिल्या ओळीपर्यंत आतापर्यंत दोनदा पोचले. दोन्ही वेळा एक चांगली ऑर्डर नाकारली, दोन्ही वेळा रात्री झोप लागली नाही, आणि दोन्ही शनिवारी मावशींच्या हातात पगार वेळेवर पडला. मोजून घेतात त्या, माझ्यासमोर, दोनदा.